मोठ्या नावाचे सर, की प्रश्न विचारणाऱ्या मॅडम?

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय ३१. एम.ए. अर्थशास्त्र. पाच वर्षं इथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. यंदा पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, पास झाले. आता गाईड ठरवायचा आहे आणि तिथेच अडले आहे.

विद्यापीठातल्या एका सरांचं नाव फार मोठं आहे. बऱ्याच कमिट्यांवर असतात, त्यांच्या हाताखाली पंधरा-वीस जणांची पीएच.डी. झाली. भेटायला गेले तेव्हा म्हणाले, ‘विषयाची काळजी करू नका, विषय मी देतो. आपलं नाव लागलं की काम होतं.’ त्यांच्या निवृत्तीला साडेतीन वर्षं आहेत. दुसऱ्या एक मॅडम जिल्ह्याच्या कॉलेजातल्या रिसर्च सेंटरला असिस्टंट प्रोफेसर आहेत. त्यांच्याकडे सध्या दोन विद्यार्थी आहेत, अजून एकाचीही पूर्ण झालेली नाही.

मला बचत गटांवर काम करायचं आहे. आमच्या गल्लीतली एक बाई गटाचा हप्ता भरायला फायनान्सवाल्यांकडून कर्ज काढते आणि फायनान्सचा हप्ता भरायला पुन्हा गटाकडून. हे मी दोघांनाही सांगितलं. सर म्हणाले, ‘असं घरोघर असतं.’ मॅडमनी विचारलं, ‘त्यांची हप्त्याची कार्डं बघितलीत का? कुठलं कर्ज आधी घेतलं?’ मला उत्तर देता आलं नाही. म्हणाल्या, दोन पानं लिहून आणा, मग बोलू.

घरातले सगळे म्हणतात सरांकडे जा, पुढे नोकरीला उपयोग होईल. मिस्टरांचंही तेच मत. मुलगी तीन वर्षांची आहे, वर्षं वाया गेलेली परवडणार नाहीत. मॅडम कडक वाटल्या. इतके प्रश्न विचारणाऱ्या गाईडकडे माझा निभाव लागेल का? आणि एकदा गाईड केला की सगळं त्यांच्या मनासारखं करावं लागतं म्हणतात, ते खरं का?

– एक वाचक

* * *

सप्रेम नमस्कार.

माझं मत आधीच सांगते: मॅडमकडे जा. आता का ते सांगते, आणि जाण्यापूर्वी काय काय तपासायचं तेही. कारण माझ्या मतावर विसंबून पाच-सहा वर्षांचा निर्णय घेऊ नये.

आधी वर्षांचा हिशेब मांडू, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम, धरून कमीत कमी तीन वर्षं लागतात आणि सहा वर्षांत ती पूर्ण करायची असते. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. बाळंतपण किंवा मुलाच्या संगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. म्हणजे मुलगी लहान आहे म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण कोर्सवर्क, मग आरआरसीसमोर, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीसमोर, विषय मंजूर होणं, यातच पहिलं वर्ष-सव्वा वर्ष जातं. नंतर गावोगाव फिरून माहिती गोळा करायची. तुम्ही शिकवत शिकवत हे करणार. लिहायला बसाल तेव्हा सर निवृत्तीच्या उंबऱ्यावर असतील.

नियम असा आहे की निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या प्राध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. सरांकडे साडेतीन आहेत, म्हणजे आज ते तुम्हाला घेऊ शकतात. नोंदणीचा कागद सहा महिने रखडला तर तेही नाही. निवृत्तीनंतर त्यांना सत्तर वर्षं वयापर्यंत सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं, पण मुख्य गाईड म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागणार. ते कुणाचं, हे सरांनी तुम्हाला सांगितलं का? तुम्ही विचारलंत का? प्रबंधाची शेवटची प्रकरणं ज्या माणसाच्या टेबलावर जाणार, तो माणूस कोण हेच आज ठरलेलं नाही. आणि ‘कागदावर दुसऱ्याचं नाव लावू, काम माझ्याकडेच करा’ असं कुणी कधी म्हणालं, तर मुळीच होकार देऊ नका. अडचण आली की कागदावरचा म्हणतो मला माहीत नाही, आणि खरा म्हणतो माझी सही नाही.

एका प्रोफेसरला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, असोसिएट प्रोफेसरला सहा, असिस्टंट प्रोफेसरला चार. मॅडमकडे दोन आहेत, म्हणजे जागा आहे. त्यांच्याकडे विद्यापीठाचं गाईड म्हणून मान्यतेचं पत्र आहे ना, एवढं बघून घ्या. हे विचारण्यात अपमान नाही. चांगला गाईड ते पत्र स्वतःच पुढे करतो.

आता ‘नाव’. नावाचा उपयोग होत नाही असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. ओळखीचं नाव असलं की दार लवकर उघडतं, हे आपल्याकडे आहे. पण मी निवड समितीत बसले आहे. उमेदवार आत येतो, गाईडचं नाव ऐकून एखादा सदस्य ओळखीचं हसतो, आणि पुढचा प्रश्न प्रबंधावरच येतो. नमुना कसा निवडला? एवढीच गावं का? स्वतः केलेलं काम असेल तर माणूस बोलत राहतो, थांबवावं लागतं. दिलेल्या विषयावर कसंबसं पूर्ण केलेलं असेल तर दुसऱ्या मिनिटाला घाम फुटतो. आणि सरांशी नातं तोडायचं नाहीच. त्यांना जाऊन सांगा की विषय बचत गटांचा ठरला आहे आणि सेंटर जिल्ह्याला आहे, म्हणून तिकडे नोंदणी करते, पण तुमचा सल्ला घ्यायला येत राहीन. मोठ्या मनाचे असतील तर आनंदच मानतील. नसतील, तर ते आजच कळलेलं बरं.

तरीही दोघांचीही चौकशी करा, सारख्याच कसोशीने. शोधगंगा हे संकेतस्थळ तुम्हाला माहीत असेल. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे ठेवलेले असतात. सरांच्या मार्गदर्शनाखाली झालेले चार-पाच प्रबंध उघडा. शीर्षकं शेजारी शेजारी लिहून काढा. एकाच विषयाचा ‘चिकित्सक अभ्यास’ फक्त जिल्हा आणि तालुका बदलून पुन्हा पुन्हा झाला आहे का? प्रकरणांची नावंही तीच आहेत का? मग निष्कर्षाचं प्रकरण वाचा. त्या तालुक्यात गेल्याशिवाय सुचलं नसतं असं एक तरी वाक्य त्यात सापडतं का बघा. सापडलं तर सरांबद्दलचं माझं मत मी बदलेन आणि तुम्हीही बदला. मॅडमच्या विद्यार्थ्यांचं अजून काही तिथे नसणार, म्हणून त्यांचा स्वतःचा प्रबंध वाचा.

मग माणसांना भेटा. सध्याचे विद्यार्थी, आणि जमलं तर मध्येच सोडून गेलेला एखादा. विभागात बसून विचारू नका, बाहेर चहाला न्या. ‘सर कसे आहेत?’ असं विचारलं तर ‘खूप चांगले आहेत’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, शेवटचं प्रकरण कधी दिलं होतं? परत कधी मिळालं? त्यावर काय लिहिलं होतं? या तीन प्रश्नांवर फारसं लपवता येत नाही. कुणी म्हणालं की सरांच्या विद्यापीठाच्या पेपरांची बेरीज आम्हीच करतो, बँकेत पासबुक भरायला जातो, त्यांच्या मुलाच्या लग्नात आठवडाभर राबलो, तर तेही लक्षात ठेवा. सांगणारा ते कौतुकाने सांगेल. तुम्ही त्यातले तास मोजा.

प्रकरण परत कधी मिळालं, हा प्रश्न मी का धरून बसले आहे ते सांगते.

मी नोंदणी केली १९८९ साली. माझे गाईड विद्वान होते, बोलायला बसले की ऐकत राहावं असं. दुसरं प्रकरण, बासष्ट पानं, मी टाइप करून घेतलं, नाडीच्या फायलीत घातलं आणि त्यांच्या हातात दिलं. दर पंधरा दिवसांनी शनिवारी एसटीने जायचे, दोन तास जायला, दोन यायला. ‘बघतो आहे, चांगलं झालंय.’ सात महिन्यांनी फाईल परत मिळाली. नाडी मी बांधली होती तशीच होती. गाठ माझी होती. मी गाठ मारताना शेवटचा वेढा उलटा घेते, तो वेढा तसाच होता. परतीच्या एसटीत ती फाईल मांडीवर घेऊन बसले होते आणि ती उघडावीशी वाटत नव्हती.

तेच प्रकरण मग आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी वाचायला मागून घेतलं. त्यांचा माझा विषय एक नव्हता, ते माझं काही देणं लागत नव्हते. चौथ्या दिवशी पानं परत आली ती लाल पेन्सिलीने भरलेली. अकराव्या पानावर मी लिहिलं होतं, ‘५८ टक्के कुटुंबे सावकाराकडून कर्ज घेतात.’ शेजारी त्यांचं अक्षर: ‘५८ टक्के कशाचे? एकूण कुटुंबांचे की कर्जदार कुटुंबांचे?’ मी तक्ता काढून बघितला. ते फक्त कर्जदार कुटुंबांचे होते. पुढची चार पानं मी त्या चुकीच्या वाक्यावर उभी केली होती, ती सगळी काढावी लागली. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण प्रबंध काय असतो हे मला त्या लाल ओळीने शिकवलं.

तुमच्या मॅडमनी विचारलं, ‘कुठलं कर्ज आधी घेतलं?’ ही तीच लाल पेन्सिल आहे. म्हणून तुम्ही ज्याला कडक म्हणता, त्याची मला काळजी वाटत नाही. त्यांनी तुमची गोष्ट ऐकली, त्यात काय राहिलं आहे ते त्यांना दिसलं, आणि ते शोधायचं काम त्यांनी तुमच्याकडेच ठेवलं. निभाव लागेल का, असं विचारता. उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही खोटं काही ठोकून दिलं नाहीत, गप्प राहिलात, आणि तो प्रश्न पत्रात मला लिहून पाठवण्याइतका लक्षात ठेवलात. लागेल निभाव.

मॅडमना पुन्हा भेटाल तेव्हा तुम्हीही विचारायचं आहे. किती दिवसांनी भेटायचं? प्रकरण दिल्यावर वाचायला साधारण किती दिवस लागतील? निबंध छापायचा झाला तर नावं कुठल्या क्रमाने? तुमची बदली झाली, दीर्घ रजा झाली, तर माझं काय? त्या तरुण आहेत, त्यांच्याही आयुष्यात काही घडू शकतं. हे सगळं पहिल्या महिन्यात विचारलं तर व्यवहार असतो. तिसऱ्या वर्षी विचारलं तर भांडण होतं.

नोंदणी झाली की एक सवय लावून घ्या. प्रत्येक भेटीनंतर त्याच रात्री चार ओळींचा मेल: ‘मॅडम, आज असं ठरलं. मी अमुक तारखेपर्यंत हे देते. तुम्ही हे बघणार आहात. माझ्याकडून काही चुकलं असेल तर सांगावं.’ व्हॉट्सॲपवर नको, तिथलं सगळं वाहून जातं. यात अविश्वास कुठेच नाही. आठ महिन्यांनी ‘मी तुम्हाला हे करू नका म्हटलं होतं’ असं दोघींपैकी कुणी म्हणालं, तर उघडून बघता येतं. लिखाण थोडं थोडं द्या. सहा महिने गायब राहून एकदम दोनशे पानं आणून ठेवली तर कुठलाही गाईड ती नीट वाचू शकत नाही. दहा-बारा पानं द्या आणि मला यात नेमका हा भाग कच्चा वाटतो, असं वर लिहा.

आणि काम झालं नसलं तरी भेटायला जा. हे मी फार कळकळीने सांगते आहे. माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, दोन लहान मुलं, घरी आजारी सासरे. तिचं येणं कमी झालं, फोन कमी झाले. मला वाटलं, तिला आता रस राहिला नाही. मी एकदाही तिच्या घरी गेले नाही, नीट विचारलं नाही. तिने सोडून दिलं. कितीतरी वर्षांनी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, ‘काहीच लिहून झालं नव्हतं, म्हणून तोंड दाखवायला लाज वाटायची.’ तिची साठ मुलाखतींची वही अजून तिच्या कपाटात आहे. यात निम्मा दोष माझा आहे, निम्म्याहून जास्तच. पण तुमच्या बाजूने तुम्ही एवढं करा: रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, पण जा.

दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. बऱ्याच ठिकाणी तो सह्यांचा कार्यक्रम होतो. तुम्ही तसा होऊ देऊ नका, खरंच दहा मिनिटं मांडा. गाईडखेरीज आणखी दोन-तीन जाणत्या माणसांनी तुमचं काम पाहिलेलं असणं, हा पुढे कधी वाद झाला तर तुमचा सर्वांत मोठा आधार असतो.

सगळं गाईडच्या मनासारखं करावं लागतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही अर्थशास्त्राच्या आहात, म्हणून तुम्हाला अर्थशास्त्रातलंच सांगते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन होते. भारतात तेव्हा चालू असलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर, म्हणजे रुपया पौंडामार्फत सोन्याशी बांधण्याच्या पद्धतीवर, बाबासाहेबांनी कडाडून टीका केली होती. कॅनन यांना ती टीका बरीचशी मान्य नव्हती. १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा प्रस्तावना कॅनन यांनीच लिहिली, आणि त्या प्रस्तावनेत आपले मतभेद उघड नोंदवून विद्यार्थ्याच्या विचारांतल्या ताजेपणाचं कौतुकही केलं. विद्यार्थ्याने मत बदललं नाही, गुरूनेही बदललं नाही, आणि दोघांचीही नावं त्याच पुस्तकात आहेत. मी वर्गात हे दर वर्षी सांगायचे, कारण आपल्याकडे गाईडला पाया पडून सुरुवात होते आणि मग तोंड उघडतच नाही. पाया पडा, त्यात काही वाईट नाही. पण तुमच्या तक्त्यात एक दिसत असेल आणि मॅडम दुसरं म्हणत असतील, तर तक्ता पुढे ठेवा. पद्धत, मांडणी, वाचन यात त्यांचं ऐका, त्यांनी ते जास्त पाहिलं आहे. तुमच्या गावच्या बायकांनी तुम्हाला काय सांगितलं, ते मात्र तुम्हालाच माहीत आहे.

पैशांचं आणि भेटवस्तूंचं बोलायचा संकोच वाटतो, पण बोलायला हवं. परीक्षकांचा प्रवास आणि मानधन विद्यापीठ देतं. व्हायवाच्या, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेच्या, दिवशीचं हॉटेलातलं जेवण, साड्या, पाकिटं हे कुठल्याही नियमात नाही. प्रथा आहे म्हणून कुणी यादी हातात दिली, तर नम्रपणे नाही म्हणा. झाल्यावर पेढे द्या, घरी बोलवून पोळी-भाजी करून घाला, ते प्रेमाचं. कर्ज काढून व्हायवा करणारी मुलं मी पाहिली आहेत आणि आजही ते आठवलं की संताप होतो. आणि गाईड कुणीही असो, वागण्याबोलण्यात किंवा स्पर्शात काही खटकलं तर ते मनात ठेवू नका. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं पहिल्याच आठवड्यात सूचनाफलकावरून लिहून घ्या.

समजा, एवढं करूनही जमलं नाही. गाईड बदलता येतो. अर्ज करावा लागतो, कारण द्यावं लागतं, थोडी कुजबुज होते. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षात बदलला तर नुकसान कमी होतं, म्हणून वर्षअखेरीला स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, केंब्रिजला गेल्या तेव्हा आधी डेरेक रिक्टर यांच्याकडे काम करत होत्या. ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम सुरू केलं, त्यात पेशींच्या श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन सापडलं आणि १९३९ साली पदवीही मिळाली. माणूस बदलला म्हणून काम बुडालं नाही.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. त्यांचा विरोध नाही, त्यांना तुमची वर्षं वाचवायची आहेत. वर्षांचा हिशेब वर मांडला आहे, तो त्यांना पटेल असं वाटतं.

आता ती दोन पानं. अजून लिहिली नसतील, असा माझा अंदाज आहे. बचत गटांचा इतिहास, शासनाच्या योजना, महिला सबलीकरणाचं महत्त्व, असं काही लिहू नका. ते मॅडमना माहीत आहे. गल्लीतल्या त्या बाईंकडे दुपारी जा, हप्ता गोळा करणाऱ्याचा दिवस सोडून. त्यांच्या परवानगीने कार्डं बघा. किती कर्जं आहेत, कुठलं कोणत्या तारखेला घेतलं, हप्ता आठवड्याचा की महिन्याचा, गटाचं व्याज किती आणि फायनान्सचं किती, पैसे प्रत्यक्षात कशाला लागले, सही कुणाची आणि पैसा कुणाच्या हातात गेला. एका कागदावर तारखांची ओळ काढा आणि त्यावर प्रत्येक कर्ज आणि प्रत्येक हप्ता मांडा. नाव बदलून लिहा, गावही लिहू नका. एक पान त्याचं भरेल. दुसऱ्या पानावर त्या ओळीकडे बघून तुम्हाला जे कळलं नाही ते लिहा, प्रश्न म्हणूनच. मग मॅडमकडे जा, आणि त्या वाचत असताना त्यांच्या हातात पेन्सिल आहे का ते बघा.